नोंदींच्या सर्व्हरची मेमरी का भरते? : कारणशोधाचा एक पाठ

गोव्यात एक-चौदाचा उतारा असो, बेळगाव भागात पहाणीचा असो वा बडोद्याकडे सात-बाराचा असो, खिडकीवर उभ्या असलेल्या नागरिकाच्या हाती शेवटी एक कागद पडतो. तो कागद निघेपर्यंत संगणकांच्या साखळीत बरीच लिखापढी होऊन गेलेली असते. कोणत्या कर्मचाऱ्याच्या नावाने प्रणाली उघडली, कोणता सर्व्हे क्रमांक मागितला, शुल्क केव्हा जमा झाले, उतारा कोणत्या क्षणी छापला गेला, या प्रत्येक टप्प्याची एकेक ओळ संगणक आपण होऊन लिहून ठेवतो. ही ओळ म्हणजे ‘लॉग’मधील एक नोंद. लॉग या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला ओंडका पाण्यात सोडीत आणि त्याचे माप वहीत टिपून ठेवीत. त्या वहीला ओंडक्याचेच नाव पडले. मांडवीच्या तीरावर राहणाऱ्यांना लॉगबुक हा शब्द नवा नाही. संगणकाने तो जहाजाकडूनच उचलला.

या ओळी कोणी रोज वाचीत नाही. तथापि एखाद्या शेतकऱ्याने ‘माझ्या जमिनीच्या नोंदीत माझ्या अपरोक्ष फेरफार झाला’ अशी तक्रार केली, किंवा बाहेरच्या कोणी प्रणालीत शिरकाव केल्याचा संशय आला, म्हणजे साक्ष काढावी लागते ती याच ओळींची. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार शासकीय कार्यालयांसह सर्व संबंधित संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग लागोपाठ १८० दिवसांचे, आणि भारताच्या हद्दीत, जपून ठेवणे बंधनकारक आहे. सबब नोंदी गोळा करणारा सर्व्हर अडखळला तर खिडकीवरील काम त्या दिवशी चालू राहील, पण पुढे साक्ष मागितली असता त्या दिवसाचे पान कोरे निघेल.

हा सर्व्हर बंद पडण्याचे सर्वांत परिचित निमित्त म्हणजे त्याची मेमरी भरणे. त्या बिघाडाचे कारण कोणत्या क्रमाने शोधावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. उदाहरणासाठी लिनक्स परिचालन प्रणालीवर चालणारा ‘लॉगस्टॅश’ हा प्रोग्राम घेतला आहे. जॉर्डन सिसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. ‘फ्लुएन्टडी’ किंवा ‘आरसिसलॉग’ वापरणाऱ्यांनाही विचाराची रीत हीच उपयोगी पडेल. कळा तेवढ्या वेगळ्या फिरवाव्या लागतील.

बारनिशीचे टेबल

कार्यालयात आवक-जावक बारनिशीचे टेबल असते. टपाल येते, लिपिक पाकीट फोडतो, विषय पाहतो, क्रमांक घालतो आणि कागद संबंधित शाखेकडे धाडतो. नोंदींचा सर्व्हर हेच काम करतो. तालुक्यातालुक्यांतील संगणकांकडून नोंदी येतात. तो प्रत्येक ओळ उलगडून तारीख, वेळ, वापरकर्ता, यंत्राचा पत्ता असे तुकडे वेगळे करतो, आणि तयार नोंद साठवणीच्या सर्व्हरकडे पाठवितो. साठवणीचे काम बहुधा ‘इलॅस्टिकसर्च’ या प्रोग्रामकडे असते. जितका वेळ नोंद टेबलावर असेल तितका वेळ ती मेमरीत असते. मेमरी म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग. डिस्क म्हणजे भिंतीलगतचे कपाट. टेबल लहान असते, पण हात तेथे चटकन पोहोचतो. वीज गेली की टेबलावरचे सारे नाहीसे होते, हा फरक मात्र संगणकाच्या टेबलालाच लागू आहे आणि या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता समजा, एके दिवशी सकाळी देखरेखीच्या पडद्यावर मेमरीचा वापर ९७ टक्के दिसतो आणि तांबडा दिवा लागतो. अशा वेळी दोन उपाय हाताशी तयार असतात. एक, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरा, अधिक मेमरीची मागणी नोंदविणे. पहिल्याने आकडा तत्काळ खाली येतो व सर्वांचे समाधान होते. दुसऱ्याने प्रश्न पुढील आर्थिक वर्षापर्यंत लांबतो. कारण मात्र दोन्हींनी कळत नाही, आणि पहिल्याने तर ते पुसले जाते.

आकडा कशाचा आहे?

प्रथम पाहावयाचे ते हे की, मेमरी खरोखर भरली आहे काय. लिनक्सचा स्वभाव असा की, रिकामी मेमरी तो रिकामी ठेवीत नाही. डिस्कवरून वाचलेल्या वा डिस्कवर लिहिलेल्या फाइलींची प्रत तो उरलेल्या मेमरीत ठेवून देतो, म्हणजे तीच फाइल पुन्हा लागल्यास डिस्कपर्यंत जावे लागत नाही. याला पेज कॅश म्हणतात. एखाद्या प्रोग्रामला जागेची गरज पडताच ही प्रत बाजूला सारून जागा मोकळी करून दिली जाते. लॉग हाताळणारा सर्व्हर अहोरात्र फाइलींचीच उलाढाल करीत असल्याने त्याच्या मेमरीचा मोठा भाग या कॅशने व्यापलेला असणे साहजिक आहे.

‘फ्री’ ही आज्ञा दिली असता पडद्यावर एक लहानसा तक्ता येतो. समजा एकूण मेमरी १६ जीबी आहे. प्रोग्रामांनी वापरलेली ९.५, कॅशमध्ये ६ आणि मोकळी केवळ ०.५. मोकळ्या रकान्याकडेच पाहिले तर ९७ टक्के मेमरी संपली असे वाटेल. परंतु त्याच तक्त्यात ‘अव्हेलेबल’ असा शेवटचा रकाना असतो आणि त्यात साधारण साडेपाच जीबी दिसेल. नव्या कामासाठी प्रत्यक्ष किती मेमरी मिळू शकेल, याचा तो अंदाज होय. हा अंदाज लिनक्सच्या गाभ्यात २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ या आवृत्तीपासून दिला जाऊ लागला. देखरेखीचा पडदा कोणत्या रकान्यावरून टक्केवारी काढतो हे एकदा तपासून घेतले, तर अनेक तांबडे दिवे कायमचे विझतात. यास्तव बिघाडाची पहिली चौकशी सर्व्हरकडे करण्यापूर्वी पडद्याकडे करावी.

उपलब्ध मेमरीही खरोखरच थोडी उरली असेल तर पुढची पायरी. ‘टॉप’ या आज्ञेने कोणता प्रोग्राम किती मेमरी धरून आहे ते दिसते. त्या यादीत लॉगस्टॅश सर्वांत वर दिसला म्हणून त्याला दोषी धरणे घाईचे ठरेल. लॉगस्टॅश जावा यंत्रणेवर चालतो, आणि जावाचा प्रोग्राम कामाच्या वस्तू ठेवण्यासाठी मेमरीचा एक ठरावीक भाग स्वतःकडे घेतो. या भागाला हीप म्हणतात. हीपला घरातल्या कणगीची उपमा देता येईल. कणगी कोपऱ्यात ठेवली की तेवढी जागा गेली. आत धान्य पायलीभर आहे की काठोकाठ, हे बाहेरून कळत नाही. ‘टॉप’ची आज्ञा कणगीचे आकारमान सांगते, आतले धान्य सांगत नाही. हीपची किमान व कमाल मर्यादा सारखीच ठेवावी अशी शिफारस असते. तशी ती ८ जीबी ठेवली असेल तर प्रोग्राम काही काळात आठ जीबी, आणि वर स्वतःच्या इतर गरजांचे आणखी काही, व्यापून बसणार. त्यात दोष काही नाही.

इतर गरजांचे हे ‘आणखी काही’ मात्र हिशेबात धरावयास हवे. जाळ्यावरून येणारा मजकूर उतरवून घेण्यासाठी लागणारी जागा, प्रत्येक कामकरी धाग्याची जागा आणि खुद्द जावाचा संसार हीपच्या बाहेर असतो. १६ जीबीच्या यंत्रावर १४ जीबीचे हीप देणारा अधिकारी उरलेल्या दोन जीबींत परिचालन प्रणाली, कॅश आणि हा बाहेरचा संसार कोंबू पाहतो. लॉगस्टॅशला सामान्य कामासाठी चार ते आठ जीबी हीप द्यावे आणि यंत्राच्या एकूण मेमरीचा अर्धा ते पाऊण हिस्सा ओलांडू नये, असा त्याच्या निर्मात्यांचा सल्ला आहे. त्यातून त्याच यंत्रावर इलॅस्टिकसर्चही बसविलेला असेल तर एका खोलीत दोन बिऱ्हाडे झाली. इलॅस्टिकसर्चला यंत्राच्या मेमरीच्या अर्ध्याहून अधिक हीप देऊ नये, कारण उरलेली अर्धी पेज कॅशच्या रूपाने त्यालाच शोधकामासाठी लागते. दोन्ही बिऱ्हाडे वेगळी करणे हा येथला खरा उपाय. कळा फिरवून ते भागत नाही.

करवतीचे दाते

कणगीत किती धान्य आहे हे पाहण्याची सोय लॉगस्टॅशमध्येच आहे. त्याच यंत्रावर ९६०० या क्रमांकाच्या दारावर विचारणा केली असता तो हीपचा सद्यःस्थितीचा वापर सांगतो. हा आकडा एकदा पाहून उपयोग नाही. दर मिनिटाला टिपून दिवसभराचा आलेख काढावा.

निरोगी प्रोग्रामचा आलेख करवतीसारखा दिसतो. काम होत जाते तसतशा वापरून झालेल्या वस्तू हीपमध्ये साचतात. मग जावा यंत्रणा निरुपयोगी वस्तू शोधून काढून टाकते आणि आलेख एकदम खाली येतो. या सफाईला गार्बेज कलेक्शन म्हणतात. संगणकशास्त्रात ही कल्पना १९५९ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी प्रथम अमलात आणली. पुन्हा चढ, पुन्हा उतार. अशा आलेखात दात्याचे टोक ७५ टक्क्यांना पोहोचले काय किंवा ८५ ला पोहोचले काय, भिण्याचे कारण नाही. सफाई अजून झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

पाहावयाचे ते खाचांकडे. मोठ्या सफाईनंतर जो तळ उरतो, तेवढ्या वस्तू खरोखरच उपयोगात आहेत. सोमवारी तळ ३० टक्के, मंगळवारी ३१, बुधवारी पुन्हा ३० असेल तर प्रोग्राम सुदृढ आहे. तोच तळ ३०, ३८, ४७, ५५ असा रोज वर सरकत असेल, तर कोठे तरी काही तरी धरून ठेवलेले आहे आणि ते सुटत नाही. आणखीही एक चित्र दिसते: तळ नव्वदीला टेकलेला, दाते अतिशय लहान व दाट, आणि त्याच वेळी प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबतो आहे. या अवस्थेत यंत्र नोंदींचे काम जवळजवळ सोडून सफाईतच गुंतलेले असते. पडद्यावर यंत्र अतिशय कामात दिसते आणि नोंदी मात्र पुढे सरकत नाहीत. एखादा नवखा माणूस अशा वेळी अधिक प्रोसेसर मागतो. दुखणे मेमरीचे असते.

आवक, जावक आणि मधली शिल्लक

मेमरी भरण्याच्या कारणांपैकी सर्वांत नेहमीचे कारण सर्व्हरच्या आत नसतेच. टेबलावर कागदांचा ढीग पाहून बारनिशी लिपिकाला दोष दिला जातो, आणि चौकशीअंती असे निघते की ज्या शाखेकडे कागद जावयाचे तिचे कपाटच भरलेले आहे.

येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. समजा दर सेकंदाला २,००० नोंदी येतात आणि १,८०० पुढे जातात. फरक केवळ २०० चा. परंतु तासाभरात ७ लाख २० हजार नोंदी मागे राहतात. फाइलीत ५०० बाइटांची असलेली ओळ उलगडून तिचे तुकडे व त्यांची नावे मेमरीत मांडली की ती सहज दोन किलोबाइट जागा घेते. म्हणजे तासाला सुमारे १.४ जीबी. कार्यालय सकाळी दहाला उघडले तर ८ जीबीचे हीप साडेतीनच्या सुमारास भरेल. मेमरी दुप्पट केली तर हाच प्रसंग रात्री नऊवर जाईल.

परंतु कार्यालय साडेपाचला बंद होते, आणि त्यानंतर आवक ओसरते. दहा ते साडेपाच या साडेसात तासांत ५४ लाख नोंदी शिल्लक राहतील. सायंकाळनंतर सेकंदाला २०० च येऊ लागल्या व १,८०० जात राहिल्या, तर हा सारा तुंबारा तासाभराच्या आतच निकालात निघेल. म्हणजे येथे यंत्राची एकूण ताकद पुरेशी आहे, फक्त गर्दीच्या वेळचा माल थोडा वेळ ठेवावयास जागा हवी. ही जागा मेमरीत देणे महाग व धोक्याचे. डिस्कवर देणे स्वस्त व सुरक्षित. लॉगस्टॅशमध्ये डिस्कवरील कायम रांगेची सोय आहे, पण ती मूळ मांडणीत बंद असते. मुद्दाम चालू करावी लागते. चालू केल्यावर तिची मर्यादा आपोआप एक जीबी धरली जाते. वरील उदाहरणात डिस्कवर प्रत्येक नोंदीला एक किलोबाइट लागते असे मानले तरी ५.४ जीबी हवेत. रांग चालू केली आणि मर्यादा वाढवावयाची राहिली, तर दुपारी बाराच्या आतच ती काठोकाठ भरेल.

आवक-जावकीचा फरक कसा ओळखावा? त्याच ९६०० क्रमांकाच्या दारावर लॉगस्टॅश आत आलेल्या व बाहेर गेलेल्या नोंदींची एकूण संख्या सांगतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा आकडे घ्यावेत व वजाबाकी करावी. बिनकामाच्या नोंदी गाळण्याची योजना केलेली असेल तर त्या हिशेबातून वगळाव्यात, नाहीतर नसलेली शिल्लक दिसेल. जावक आवकीहून सातत्याने कमी आढळली तर पुढच्या घराकडे वळावे.

पुढच्या घरची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. इलॅस्टिकसर्चच्या यंत्रावरील डिस्क मूळ मांडणीप्रमाणे ९५ टक्के भरली की तो त्या डिस्कवरील माहितीच्या संचांत लिहिणे बंद करतो; वाचू देतो, लिहू देत नाही. डिस्क पूर्ण भरून माहिती बिघडू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. पण लॉगस्टॅशला पुढून नकार येतो. तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा नकार. हातातील नोंदी टाकून देता येत नाहीत म्हणून तो त्या धरून बसतो. आणि देखरेखीच्या पडद्यावर तांबडा दिवा लागतो तो लॉगस्टॅशच्या मेमरीचा. डिस्कचा दिवा दुसऱ्या पडद्यावर असतो, कदाचित दुसऱ्या शाखेत. अशा प्रसंगी लॉगस्टॅश दहा वेळा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही. मुदत संपलेले जुने संच नियमाप्रमाणे काढून डिस्क मोकळी केली की काही मिनिटांत सर्व सुरळीत होते. अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्कचा वापर ९० टक्क्यांखाली येताच लिहिण्याची मनाई आपोआप उठते. नकार गर्दीमुळेही येतो: एकाच वेळी फार नोंदी आल्या तर इलॅस्टिकसर्च ‘नंतर या’ या अर्थाचा ४२९ हा क्रमांक देतो. लॉगस्टॅशच्या स्वतःच्या लॉगमध्ये हा क्रमांक वारंवार दिसला तर दुखणे पुढच्या घरी आहे हे निश्चित समजावे.

तुंबारा मागच्या बाजूनेही येऊ शकतो. पावसाळ्यात सत्तरी किंवा काणकोणसारख्या डोंगराळ तालुक्याची जोडणी काही तास तुटली अशी कल्पना करावी. तेथील यंत्रांवर नोंदी फाइलींत साचत राहतात आणि जोडणी परत येताच तेथला पाठविणारा प्रोग्राम सोडलेल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागतो. सहा तासांचा माल मग जाळ्याच्या वेगाने येऊन आदळतो. अशा वेळी लॉगस्टॅशची रांग भरली असेल तर तो पाठविणाऱ्याला थांबवून धरतो आणि पाठविणारा आपल्या फाइलींत नोंदी सांभाळतो. ही व्यवस्था समंजस आहे. परंतु जुनी यंत्रे व जाळ्याची उपकरणे पुष्कळदा ५१४ क्रमांकाच्या दारावर यूडीपी पद्धतीने नोंदी फेकतात. या पद्धतीत पोहोच मागितली जात नाही. घेणारा थांबला तरी पाठविणारा फेकीतच राहतो आणि मधल्या नोंदी कोणालाही न कळता वाया जातात. जेथे नोंद साक्षीसाठी हवी तेथे ही पद्धत ठेवू नये.

थोड्या, पण अगडबंब

आवक-जावक बरोबर असूनही हीप भरत असेल तर नोंदींच्या आकाराकडे पाहावे. लॉगस्टॅश नोंदी गठ्ठ्यांनी हाताळतो. मूळ मांडणीत गठ्ठा १२५ नोंदींचा आणि कामकरी प्रोसेसरांच्या गाभ्यांइतके. आठ गाभ्यांच्या यंत्रावर एका वेळी हाती असलेल्या नोंदी एक हजार. वेग वाढावा म्हणून कोणी गठ्ठा ५,००० चा आणि कामकरी १६ केले तर हाती ८०,००० नोंदी झाल्या. प्रत्येकी दहा किलोबाइट धरली तर ८०० एमबी, निभून जाते. पण एखाद्या दिवशी एखादा प्रोग्राम चुकांची लांबलचक वर्णने ओतू लागला आणि नोंद शंभर किलोबाइटची झाली, तर त्याच मांडणीला ८ जीबी लागतात. मांडणी तीच, यंत्र तेच, मग काल चालत होते ते आज का चालत नाही, याचे उत्तर येथे असते. एकाच लॉगस्टॅशमध्ये चार मार्ग चालू असतील तर प्रत्येकाचे गठ्ठे वेगळे, आणि हिशेब चौपट.

अनेक ओळींची एक नोंद करण्याची सोय असते, तीही येथे तपासावी. नवी नोंद कोठे सुरू होते हे ओळखण्याची खूण चुकली, उदाहरणार्थ तारीख लिहिण्याची रीत बदलली, तर प्रोग्राम ओळीमागून ओळ त्याच नोंदीला चिकटवीत जातो. ५०० ओळी किंवा १० एमबी अशी मूळ मर्यादा आहे म्हणून ते कोठे तरी थांबते. कोणी ‘नोंदी तुटतात’ म्हणून ती मर्यादा काढून टाकली असेल, तर हेच ते ठिकाण.

खरी गळती

एवढे सर्व पाहून झाल्यावरही खाचांचा तळ रोज वर सरकत असेल, तर मग मेमरीच्या गळतीचा संशय घ्यावा. येथे गळती या शब्दाने काही बाहेर जात नाही. उलट आतले सुटत नाही. बहुधा ती घरच्याच हाताने लिहिलेल्या भागात सापडते. एखाद्याने प्रत्येक यंत्राच्या पत्त्यासमोर शेवटची वेळ टिपून ठेवणारी यादी बनविली, भर घालण्याची सोय केली, काढण्याची विसरला. गावातील दोनशे यंत्रांसाठी ती यादी वर्षभर बिनबोभाट चालते. सेवा इंटरनेटवर खुली झाली की लाखो पत्ते येतात आणि यादी फुगत जाते. सुरुवात व शेवट अशा दोन नोंदी जोडून एक करणाऱ्या गाळणीतही असेच घडते: शेवटची नोंद कधी आलीच नाही तर पहिली वाट पाहत बसते. त्या गाळणीला वाट पाहण्याची मुदत घालून द्यावी. न घातल्यास ती अर्धा तास धरली जाते, आणि गर्दीच्या सेवेसाठी अर्धा तास फार झाला.

गळतीचा पुरावा हवा तर हीपची संपूर्ण प्रत फाइलीत उतरवून घेता येते आणि कोणत्या जातीच्या वस्तूंनी जागा व्यापली आहे ते साधनांनी पाहता येते. प्रत काढताना प्रोग्राम थांबतो आणि डिस्कवर हीपइतकी जागा लागते. शिवाय त्या प्रतीत नागरिकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, अर्जांचा तपशील असा खासगी मजकूर जसाच्या तसा असतो. ती फाइल ठेकेदाराला ई-मेलने पाठवून देणे म्हणजे दप्तराची खोली किल्लीसह हवाली करणे होय.

नोंद न ठेवता गेलेला

कधी कधी लॉगस्टॅश मध्यरात्री बंद पडलेला आढळतो आणि त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये एक अक्षर नसते. यंत्राची मेमरी खरोखर संपली की लिनक्सचा गाभा एका प्रोग्रामची निवड करून त्याला तत्क्षणी संपवितो, म्हणजे बाकीचे यंत्र जगावे. संपविल्या जाणाऱ्याला शेवटची ओळ लिहिण्याचीही सवड मिळत नाही. सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्याची निवड होण्याचा संभव मोठा, आणि तो पुष्कळदा हाच असतो. या घटनेची नोंद गाभ्याच्या लॉगमध्ये असते. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की कोणाला, केव्हा व किती मेमरी असताना संपविले ते वाचावयास मिळते. यंत्र संपूर्ण बंद करून चालू केले तर ही आज्ञा जुने काही दाखवीत नाही, म्हणून ते आधी वाचून घ्यावे. कंटेनरमध्ये चालणारा प्रोग्राम अशा रीतीने गेला तर मागे १३७ हा क्रमांक राहतो. आणि तेथे यंत्राची मेमरी मुबलक असतानाही कंटेनरला घातलेली मर्यादा ओलांडल्याने हेच घडू शकते.

पुन्हा सुरू करणे कधी टळतच नाही. तशी वेळ आली तर आधी काय करावे हे संबंधितांनी लिहून ठेवणे इष्ट. ‘फ्री’ व ‘टॉप’चे आकडे, आवक-जावकीची दोन वाचने, हीपचा आलेख आणि पुढच्या यंत्रावरील डिस्कची स्थिती एवढे टिपून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर प्रोग्रामला रीतसर थांबण्याची सूचना द्यावी. रीतसर थांबताना तो नवी आवक बंद करतो व हातातील नोंदी पुढे पोहोचवितो. पुढचे घर बंद असेल तर मात्र तो थांबता थांबत नाही, आणि मग कोणी तरी कंटाळून त्याला जबरीने संपवितो. रांग मेमरीतच ठेवलेली असेल तर त्या क्षणी हातात असलेल्या नोंदी गेल्या. पाठविणाऱ्याला त्यांची पोहोच मिळालेली असल्याने तो त्या पुन्हा पाठविणार नाही. अशा वेळी बंद झाल्याची व सुरू झाल्याची वेळ, तासाचा व मिनिटाचा आकडा घालून, कार्यालयाच्या नोंदवहीत शाईने लिहावी आणि मूळ यंत्रांवरील त्या दिवसाच्या फाइली नेहमीच्या मुदतीत पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्याच दिवशी वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्या फाइलींवरून गेलेला मजकूर पुढे पुन्हा भरून घेता येतो.